गाईडला बोलू तरी द्या!

महोदय,
गेल्या रविवारी पहाटेच नागपुरातून निघून आम्ही सिल्लारी गेटने पेंच व्याघ्र प्रकल्पात सफारीला गेलो. सातपुड्याच्या दक्षिण टोकाच्या या टेकड्यांत प्रत्येक जिप्सीत गाईड असतो. आमचा जवळच्याच गावचा तरुण होता. पांढऱ्याफटक सालीचे ‘भुताचे झाड’ दाखवून झाल्यावर, ऐनाच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी कसे साठलेले असते, हे तो रंगून सांगू लागला. तोच सोबतच्यांनी ‘वाघ कुठाय?’ असा धोशा लावला. पोरगा गप्प झाला. वाघाची चाहूल लागली की चितळ देते तो इशारा सगळ्यांआधी त्यानेच ऐकला होता! वाघ दिसला नाही म्हणून परतताना त्याला कोणी धन्यवादही दिले नाहीत. फार वाईट वाटले. सहल नेणाऱ्यांनी वाघाची हमी देऊ नये आणि गाईडचे ऐकायचे असते, हे प्रवाशांना नागपुरातच सांगून ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर