वाशिष्ठीचा गाळ काढताना डोंगराकडेही बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्याच्या बातम्या आपल्या दैनिकात दर उन्हाळ्यात येतात. किती घनमीटर निघाला, किती पोकलेन लावले, सगळं वाचायला मिळतं. तो गाळ येतो कुठून आणि चिपळूणपाशीच का बसतो, हे मात्र क्वचितच छापून येतं. माझं माहेर दसपटीत, नदीच्या उगमाकडे, आणि सासर गोवळकोटच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीचा कडा उतरून पाणी काही तासांतच चिपळुणात येतं. माहेरच्या डोंगरउतारांवर पूर्वी ऐन, किंजळ, जांभूळ असं दाट रान होतं. आता खासगी जंगलं सरसकट तुटतात, लाकडाचे ट्रक भरून जातात आणि मागाहून जेसीबी उतारावर आडवे रस्ते पाडतो. पहिल्याच पावसात तिथली तांबडी माती ओढ्याला लागते. ती वाहत येते आणि गोवळकोटच्या आसपास तिला खारं पाणी भेटतं. खारं पाणी लागलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. त्यात भरतीने प्रवाह अडलेला असला की आणखी बसतात. नदी आणि खाडी जिथे मिळतात तिथे हे होणारच, पण वरून माती किती सोडायची हे माणसाच्या हातात आहे.

22 जुलै 2021 चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिला. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. खाडीत भरतीचं पाणी चढलेलं असताना वरून पुराचं आलं की त्याला समुद्राकडे वाट मिळत नाही, ते बाजारपेठेत पसरतं. त्याच रात्री महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलीमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरचा आमच्या खाडीशी काय संबंध, असं कुणी विचारेल. कोयना तिथे उगम पावते आणि खरं तर पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. पण 1960 च्या दशकापासून तिचं पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून घाटाखालच्या पोफळीकडे वळवलं आहे. वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला आणता येतं, आणि कोळकेवाडीच्या छोट्या धरणातून पुढच्या टप्प्याची वीज करून ते वाशिष्ठीत सोडलं जातं. त्यामुळे नकाशावर आमचं पाणलोट क्षेत्र सह्याद्रीच्या माथ्याशी संपत असलं, तरी पाणी घाटापलीकडचंही येतं.

या अवजलाचे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्याचे, उपकारही आहेत, ते सांगितलेच पाहिजेत. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर कोरड्या पडतात आणि खारं पाणी आत सरकतं. वाशिष्ठीला मात्र ऐन मे महिन्यात गोडं पाणी असतं. चिपळूण शहराची तहान त्यावर भागते, आणि आमच्या खाडीतल्या काळुंद्र, बोय, कोळंबी यांना लागणारं मचूळ पाणीही त्यामुळेच टिकतं. अवजल मुंबईकडे किंवा दुसरीकडे नेण्याच्या योजना अधूनमधून निघतात, तेव्हा खाडीत मासे पागणाऱ्यांना कुणी विचारत नाही. गोडं पाणी कमी झालं तर खार किती वर चढेल, खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल जमिनीतल्या, शेतीचं आणि काठच्या विहिरींचं काय होईल, याचा अभ्यास आधी झाला पाहिजे.

गाळ काढायला माझा विरोध नाही. चिपळूण बचाव समितीने 2021 च्या डिसेंबरात साखळी उपोषण केलं म्हणून ते काम मार्गी लागलं, याची जाणीव आम्हा सगळ्यांना आहे. पण काढलेल्या गाळाचे ढीग काठावरच राहिले तर पावसात ते पुन्हा पात्रात जातात. गाळ पूररेषेच्या बाहेर नेऊन टाकल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघू नये. दुसरं म्हणजे, रुंदीकरणाच्या नावाखाली तिवरांना, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनाला, हात लावू नये. तिवरांच्या मुळांत माती धरली जाते, चिंबोऱ्या आणि माशांची पिल्लं तिथेच वाढतात, आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला राज्यभर बंदी घातलेली आहे.

सगळ्यांत आधी डोंगरउतारावरची सरसकट तोड थांबवावी. गाळ काढण्यावर जो खर्च होतो, त्यातला काही वाटा दसपटीतल्या ओढ्यांवर दगडी बांध घालायला आणि उघडे पडलेले उतार पुन्हा झाडांखाली आणायला द्यावा. तिथली तरुण मुलं कामासाठी मुंबईला जातात, त्यांना हे काम गावात मिळेल.

आपल्या दैनिकाला एक विनंती. जून ते सप्टेंबर रोजच्या अंकात खाडीच्या मुखाशी असलेल्या दाभोळच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि कोळकेवाडीतून होणारा विसर्ग शेजारी-शेजारी छापा. उधाणाची भरती आणि मोठा विसर्ग एकाच वेळी येणार असेल, तर दुकानदाराला माल वर चढवायला आणि आम्हाला गुरं सोडायला तेवढा वेळ मिळेल.

– खाडीकाठची एक वाचक,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी