मादाम, ते दाताळं तुम्ही आईच्या हातात दिलंत

मादाम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण आईने बजावलंय, "त्यांचे आभार आधी माझ्या भाषेत मान, फ्रेंचचं नंतर बघ." फ्रेंच प्रत तुम्हाला वेगळी पाठवतेच आहे. ही प्रत चारचौघांत ठेवतेय, कारण आपल्याकडचे कितीतरी आईवडील उन्हाळ्यात मुलांकडे युरोपात येतात, आणि समुद्रावर नेलं तरी त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एक खुर्ची आणि सामानाची राखण येते.

तुमच्या शेजारी येण्याआधी आम्ही एका मोठ्या कॅम्पिंगवर होतो. नाव लिहीत नाही. घसरगुंड्यांचे तलाव, रात्री उशिरापर्यंत माइकवरचा गोंगाट. आईला करण्याजोगं इथे काय आहे, असं मी चौकशीच्या खिडकीवर विचारलं. तिथल्या बाईंनी आईकडे एकवार पाहिलं आणि मला म्हणाल्या, "त्यांना सावलीत बसू दे." जरा शांत जागा मागितली तर खांदे उडवले. अलिबागजवळच्या गावात, घराच्या पायरीपर्यंत उधाणाचं पाणी येताना बघत वाढलेली बाई तिथे सगळ्यांचे टॉवेल आणि चपला सांभाळत बसून राहिली. मला त्याचा राग अजून आहे.

मग फ्रान्समधल्या नांत शहराहून जवळ म्हणून नुआरमुतिए बेटावर आलो आणि तुमचा शेजार मिळाला. वाऱ्यात आमचा तंबू उभा राहीना तेव्हा वाळूत धरतील अशा लांब खुंट्या आणि हातोडा घेऊन तुम्ही आलात. त्याचे आभार आहेतच. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

अमावस्या नुकतीच होऊन गेली होती. तुम्ही भरती-ओहोटीची छोटी पुस्तिका उघडून आईपुढे धरलीत आणि एका रकान्यावर बोट ठेवलंत. फ्रान्समध्ये भरतीचा जोर 20 ते 120 अशा आकड्यात मांडतात. आकडा जितका मोठा, तितकं ओहोटीला पाणी लांब जातं. आईला भाषा कळली नाही, रकाना मात्र कळला. तिने पिशवीतून कालनिर्णय काढलं. तिथीची पाऊणपट केली की आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ निघते, त्या हिशोबाने अमावस्येची ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. तुमच्याकडे तीच ओहोटी टळटळीत दुपारी. चंद्र तोच आणि वेळ निराळी! आई दिवसभर त्याच विचारात होती, आणि तुम्ही कागदावर किनाऱ्याची रेघ काढून तिला समजावत होतात.

ग्वाच्या वाटेवर गेलो. बेट आणि मुख्य भूमी जोडणारा हा चार किलोमीटरहून थोडा लांब फरसबंदी रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. अडकलेल्यांनी चढून बसावं म्हणून वाटेत उंच खांबांवर मचाणं बांधली आहेत. पाणी ओसरलं की दोन्ही बाजूंच्या वाळूत माणसंच माणसं, हातात बादल्या नि दाताळी. मुलं सायकली दामटायला निघाली, तेव्हा तुम्ही त्यांना 1999 च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची गोष्ट सांगितलीत. याच निसरड्या रस्त्यावर सायकलस्वार एकमेकांवर आदळले आणि झ्युलेसारखा तगडा गडी सहा मिनिटांहून जास्त मागे पडला. मुलं गुपचूप सायकली हातात धरून चालू लागली.

आणि मग आई वाकली. वाळूत शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी, म्हणजे खायची शिंपली, असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पदर खोचून तिने दोन बोटं घातली आणि पहिलीच चांगली टपोरी निघाली. पुढची निघाली ती लहान. तुम्ही मापाची पट्टी काढेपर्यंत तिने ती परत वाळूत ठेवून वर वाळू सारलीसुद्धा.

तुम्ही थांबलात. पट्टी खिशात टाकलीत. तुमचं स्वतःचं दाताळं, दांडा हाताने घासून गुळगुळीत झालेलं, पुसून आईच्या हातात दिलंत आणि हाताने खूण केलीत: तुम्ही पुढे. त्यानंतर पाणी परतू लागेपर्यंत तुम्ही तिच्या मागून चाललात. तो किनारा तुमचा, बालपणापासून तुम्ही तिथे येता, आणि तरी मागून चाललात. ती वाकेल तिथे वाकलात. एकदाच पुढे झालात, ती कालवांच्या शेताकडे वळली तेव्हा, कारण तिथलं कुणाच्या तरी मालकीचं असतं.

मादाम, परक्या देशात म्हाताऱ्या माणसाला सगळे जपतात. हात धरतात, उन्हातून उठवतात, काय हवं नको ते मुलांना विचारतात. त्या माणसाला काही येतं, हे ओळखणारा विरळा. तुम्ही आईला एकही गोष्ट मोठ्याने, सावकाश, तान्ह्या मुलाशी बोलावं तशी सांगितली नाहीत. चांगुलपणा म्हणून मी आजवर जे जे पाहिलं, त्यात हे मला सगळ्यात वरचं वाटतं.

गोळा केलेल्या तिसऱ्या समुद्राच्याच पाण्यात वाळू सोडत पडल्या होत्या, तोवर संध्याकाळी तुम्ही तिला मिठागरात नेलंत. पाण्यावर तरंगणारं कोवळं मीठ अलगद ओढून घेणारा माणूस पाहून ती पेणच्या मिठागरांबद्दल बोलत सुटली, मी दुभाषी. रात्री एका चुलीवर तुमचं लसूण-लोणी, दुसरीवर आईचं आलं-लसूण-तिखट. तुमचे पाव आमच्या सुक्यात बुडाले. दुसऱ्या दिवशी प्लाज दे दाम या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या लाकडी खोल्यांसमोर, झाडांच्या सावलीत आई पेतांक या खेळातला गोळा फेकत होती आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. त्या आधीच्या ठिकाणी तिच्यासाठी "काही नाही" म्हणे.

आता आईचा निरोप. विषुवदिनाच्या सुमाराची ओहोटी सगळ्यात मोठी असते असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून पुढच्या वर्षी तिला सप्टेंबर धरून बोलवायचंय. नवी पुस्तिका निघाली की तारखा कळवा, म्हणजे मी व्हिसाच्या मागे लागते. आमसुलं आणि भाजलेल्या मसाल्याची पुडी तुमच्यासाठी वेगळी बांधणार आहे. आणि तिने विचारायला सांगितलंय, तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची,
मागच्या तंबूतली शेजारीण