आजींना प्लास्टर रूममध्ये बोलावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. ज्यांनी आम्हाला तुमच्याआधी दारातूनच परत पाठवलं, त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

माझी लेक जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांकडे, टाचा वर खेचलेल्या. बाळंतपण झालं तिथं सांगितलं, "तेलानं मालिश करा, होतील सरळ." दुसऱ्या ठिकाणी मान वर न करता सांगितलं, "वर्षाची झाली की ऑपरेशन करू, आत्ताच काय घाई आहे?" दोघांपैकी एकानंही तिचं पाऊल हातात घेऊन पाहिलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा तेच केलंत. पोटात अवघडून राहिल्यामुळे वळलेलं पाऊल हलक्या हातानं सरळ होतं, पण हिचं ताठ आहे, मध्येच अडतंय, म्हणून हा क्लबफूट, हे आम्हाला धरून दाखवलंत. एवढा साधा फरक. त्याला ना एक्स-रे लागला ना मशीन. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे सांधे आणि शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) मऊ असतात, तेव्हाच सुरुवात केलेली बरी, हेही तुमच्याकडूनच कळलं. "काय घाई आहे" म्हणणाऱ्यांचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

घरात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाळाला बघायला आलेली प्रत्येक बाई मला बाजूला घेऊन विचारायची, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" मुलीची जात, पुढं कसं व्हायचं, हे तर रोजचंच. सासूबाईंनी बारशालासुद्धा तिचे पाय दुपट्यातून बाहेर काढू दिले नाहीत. त्या वाईट नाहीत हो. घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी मी होते.

पहिल्या प्लास्टरच्या दिवशी त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. तुम्ही मला म्हणालात, "बाळाला अंगावर घ्या, दूध पिताना ते पाय सैल सोडतं." आणि मग दाराकडे बघून हाक मारलीत, "आजी, बाहेर का? आत या. गुडघा तुम्ही धरायचा."

सासूबाई आल्या. पदर खोचला. तुम्ही त्यांचा हात धरून बाळाच्या गुडघ्यावर नीट ठेवलात आणि म्हणालात, "असाच. आता हलू द्यायचा नाही." तुम्ही अंगठा घोट्यापुढच्या हाडावर टेकवून पाऊल हळूहळू बाहेर वळवत होता, मदतनीस मामा बोटांपासून मांडीपर्यंत ओल्या पट्ट्या गुंडाळत होते, आणि सासूबाई श्वास रोखून गुडघा धरून होत्या. त्यांच्या बांगड्यांवर पांढरे थेंब वाळले होते. काम झाल्यावर तुम्ही त्यांनाच शिकवलंत: बोट दाबायचं, पांढरं पडतं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, किंवा बोटं प्लास्टरच्या आत सरकलेली दिसली, तर रात्र असली तरी निघून यायचं.

त्या दिवसापासून ग्रहणाचा शब्द आमच्या घरात निघाला नाही. तुम्ही भाषण दिलं नाहीत, कुणाला खोटं पाडलं नाहीत. नंतर कधीतरी एवढंच बोललात की याचं नेमकं कारण बहुतेक वेळा कळतच नाही, हजारात साधारण एका बाळाला हे होतं आणि आईनं काही केलं म्हणून तर होत नाहीच. तोवर ते ऐकायला सासूबाई तयार झाल्या होत्या, कारण त्यांच्या हाताला तुम्ही काम दिलं होतंत.

प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं, साधारण पाच ते सात लागतात, टाच सगळ्यात शेवटी सुटते आणि बऱ्याच बाळांना टाचेमागची शीर जागेवरच बधिर करून कापावी लागते, हे सगळं तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून एकाही टप्प्यावर धसका बसला नाही. ही पद्धत पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची, हेही तुम्हीच सांगितलंत. मग मी त्यांच्याबद्दल वाचलं. 1914 साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्म, यादवी युद्धात जखमी सैनिकांची सेवा, मग देश सोडून मेक्सिको आणि तिथून अमेरिकेत आयोवा. मोठ्या शस्त्रक्रिया झालेली पावलं पुढं ताठ आणि दुखरी होतात हे पाहून त्यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी हातानं पाय वळवायची ही रीत बसवली. जगानं ती मनावर घ्यायला 1990 चं दशक उजाडलं. इतकी जुनी, स्वस्त आणि सिद्ध झालेली गोष्ट असताना बाळंतपणाच्या खोलीत आजही "मालिश करा" म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्लास्टर संपल्यावर खरी परीक्षा बुटांची होती. दांडीला जोडलेले ते बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार वर्षांची होईपर्यंत रोज झोपेत. पाय सरळ दिसायला लागले की घरची माणसं बूट घालणं सोडून देतात आणि पाय पुन्हा वळतात, हे तुम्ही दर वेळी बजावलंत. आमच्याकडे ती पाळी आली नाही. लेक रडली, माझं मन विरघळलं, तरी सासूबाई विरघळल्या नाहीत. "डॉक्टरांनी मला सांगितलंय," एवढंच म्हणायच्या आणि बक्कल लावायच्या. टाच बुटात खाली टेकली की नाही ते मागच्या भोकातून रोज बघायच्या.

सरकारी दवाखान्याला नावं ठेवणारे खूप भेटतात. मी मात्र तिथंच पाहिलं, की बाहेर रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली असताना एक डॉक्टर दाराआड उभ्या म्हातारीला हाक मारतो. कौशल्य शिकता येत असेल. हे कुठं शिकवतात ते मला माहीत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

लेक आता अंगणवाडीत पळते. सगळ्यांच्या पुढं नाही, पण कुणाच्या मागंही नाही. बूट रात्री चालू आहेत, तपासणीची तारीख लक्षात आहे.

आणि एक. आमच्या आशाताईंनी पलीकडच्या वाडीतलं एक बाळ दाखवलं, दहा-बारा दिवसांचं, उजवं पाऊल आत आणि ताठ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचार मोफत होतात हे त्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. सोमवारी ते तुमच्याकडे येतील. बाळंतिणीसोबत तिच्या सासूबाईंनाही यायला सांगितलं आहे, आणि आमच्या सासूबाईही निघाल्या आहेत.

तुमची ऋणी,
एका मुलीची आई