पक्या, फेब्रुवारीत येतोयस तर हे आधी वाच

प्रिय पक्या,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. बंगळुरूच्या ब्रुअरीज, बंगळुरूचे लाइव्ह गिग्ज, आणि वर पुन्हा "मुंबईत आता रात्रीचं काय राहिलंय रे, सगळे घरी जाऊन मोबाइल बघतात". लेका, लालबागमध्ये वाढलेल्या माणसाने असं बोलावं? व्हॉइस मेसेजने उत्तर दिलं असतं पण मी बोलायला लागलो की शिव्याच जास्त येतील, म्हणून टाइप करतोय, वहिनींनाही वाचून दाखव.

आधी तुझं ते नाइटलाइफ. दारूच प्यायची असेल तर बारना रात्री दीडपर्यंत परवानगी आहे, त्यात आपल्याला कधी अडचण आलीय? २०२० च्या जानेवारीत सरकारने मॉल आणि मिल कंपाउंडसारख्या, जिथे रहिवासी वस्ती नाही अशा जागांना रात्रभर उघडं राहायला परवानगी दिली होती, पेपरात केवढा गाजावाजा, आणि दोन महिन्यांत लॉकडाउन लागला. आता जाशील तर लोअर परळला कंपाउंडच्या कंपाउंड बारनी भरलेत, भिंती त्याच जुन्या गिरणीच्या ठेवतात, विटा मुद्दाम उघड्या ठेवतात म्हणे, लूक येतो. माझे आजोबा त्या विटांच्या आत तीन पाळ्यांत राबले, लूक कुठला. असो. मी तिथे जात नाही असं नाही, ऑफिसची पार्टी असली की जातो, पण तिथे बसलं की आपण गुरगावात आहोत की मुंबईत ते कळत नाही एवढंच.

खरी गोष्ट सांगू का, मुंबईची रात्र ना सरकार ठरवतं ना बारवाले, ती रेल्वेचं टाइमटेबल ठरवतं. तू मुंबई सोडून गेलास तेव्हा आपण सगळे दादर-परळच्या टप्प्यात राहायचो म्हणून हे कधी जाणवलं नाही. आता मी डोंबिवली, मंग्या विरार, शिऱ्या बदलापूर. साडेआठचं नाटक, मध्यंतर धरून अकरा-सव्वाअकराला सुटतं, आणि शेवटची गाडी साडेबाराच्या आसपास, त्यामुळे पडदा पडायच्या आधीच मागच्या रांगेतून चपला शोधायचे आवाज सुरू होतात. कलाकार बिचारे हात जोडून उभे, आणि अर्धं थिएटर जिन्यात. मेट्रो आली आता, आरे ते कफ परेड अख्खी भुयारी लाइन २०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, दादर सगळीकडे स्टेशनं, एसी, मस्त आहे, पण ती बंद होते साडेदहाच्या सुमारास! म्हणजे नाटकाला जायला मेट्रो आणि यायला नशीब. हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात रात्रीचा प्रयोग बघितला नसणार. रविवारी दुपारी चारचा खेळ घ्यावा म्हटलं तर मेगाब्लॉक. तरी रविवारी चारला दादरला हाउसफुल्ल बोर्ड लागतो, काय समजायचं ते समज.

हो, लागतो. शिवाजी मंदिर, यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार. मराठी नाटक मेलं मेलं म्हणून आपण कॉलेजात असल्यापासून ऐकतोय आणि इकडे प्रशांत दामलेंनी २०२२ च्या नोव्हेंबरात षण्मुखानंदला साडेबारा हजारावा प्रयोग केला. साडेबारा हजार! एका माणसाचे. ते सभागृह पावणेतीन हजारांच्या आसपासचं आहे, तेही भरलं. तिकीट आता मोबाइलवर काढता येतं, पण तू शिवाजी मंदिरच्या खिडकीवर जा, तिथला माणूस अजून प्लॅन समोर ठेवून "खांब लागेल हां, त्यापेक्षा मागची घ्या" असं सांगतो, ते ॲप सांगत नाही.

तुमचा मुक्काम फेब्रुवारीच्या अगदी सुरुवातीला असेल तर काळा घोडा फेस्टिव्हल सापडू शकेल, पूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू व्हायचा, अलीकडे जानेवारीतच सुरू होतो, म्हणून तारखा आधी बघून घे. १९९९ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि शनिवार-रविवारी तिथे जाऊ नकोस, मी हात जोडतो. लोक इन्स्टॉलेशन बघायला नाही तर त्याच्यासमोर उभं राहून रील काढायला येतात, आणि आपण मागे उभे की "काका जरा बाजूला". काका! मला! मंगळवार-बुधवार संध्याकाळी ये, हुतात्मा चौकाला मेट्रोने उतर, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत पुस्तकांवरचे कार्यक्रम असतात, आसपासच्या मैदानात गाणं-नाच असतं. वहिनींना तो घोडा दाखव. आधीचा घोडा होता सातव्या एडवर्डसाहेबांना पाठीवर घेऊन, १९६५ साली त्याला तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला, राहिलं फक्त नाव. पन्नास वर्षं तो चौक घोड्याशिवाय काळा घोडा म्हणून फिरला. मग २०१७ मध्ये नवीन घोडा बसवला, पण बिनसाहेबाचा, पाठ मोकळी. मला आवडतं ते.

आणि जहांगीरला जाऊन मागे फिरू नका. कुलाबा-फोर्टात जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या माळ्यावर गॅलऱ्या आहेत, खाली साधी पाटीसुद्धा धड नसते, लाकडी जिना, वर बेल वाजवायची. आपल्यासारख्याला वाटतं की आत शिरलो तर विकत घ्यावं लागेल. काही घ्यावं लागत नाही, फुकट असतं, कोणी विचारत पण नाही. महिन्यातल्या एका गुरुवारी बऱ्याच गॅलऱ्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या असतात, तेव्हा गर्दीत घुसायला सोपं जातं, वाइन पण देतात कधीकधी. हे ऐकून तू गुरुवारचं तिकीट काढशील माहितेय मला.

पृथ्वी तर करायचंच. सोमवार सोडून कधीही. १९७८ पासून तेच, दोनशे सीट, तीन बाजूंनी प्रेक्षक, नट पुढ्यात येऊन शिंकला तर तुमच्या अंगावर. फक्त वेळेवर पोच, उशीर झाला तर आत सोडत नाहीत म्हणजे नाहीत, तिथे "अहो ट्रॅफिक" चालत नाही. वर्सोव्याला आरामनगरात जुन्या बैठ्या बंगल्यांमधून छोटे छोटे स्टुडिओ झालेत, पन्नास-साठ माणसं मावतील एवढे, तिथे पोरं नाटकं करतात, कविता वाचतात, मराठी स्टँडअपचे ओपन माइक पण असतात शहरभर, यूट्यूबच्या भाडिपावाल्यांनी वाट करून दिली म्हटलं तरी चालेल. ओपन माइकला दहा पोरांतली आठ बंडल असतात. पण ज्या दोन चांगल्या असतात त्यांच्यासाठी जायचं, छबिलदासला आपल्या आधीची पिढी असंच जायची ना, शाळेच्या हॉलमध्ये बाकड्यांवर बसून, तेही सगळंच काही थोर नव्हतं.

बीकेसीचं ते नवं चकाचक सेंटर वहिनींना बघायचं असेल तर बाहेरून कारंजं दाखव.

आता मुद्द्याचं. हे वरचं सगळं तुला नेटवर पण सापडलं असतं. जे सापडत नाही ते सांगतो. आपल्या कोकणाकडची माणसं, चाकरमानी, यांची रात्र वेगळी चालते आणि ती कुठल्या "या वीकेंडला काय कराल" मध्ये छापून येत नाही. ती कळते व्हॉट्सॲपवरच्या भडक बॅनरवरून, ज्यात मधे देवी, चारी बाजूंनी शुभेच्छुकांचे फोटो आणि खाली "बहुरंगी नमन" (म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य) किंवा "शक्ती-तुरा डबल बारी सामना". साहित्य संघात, कालिदासला, दीनानाथला, मिळेल त्या तारखेला.

मी गेल्या खेपेला गेलो ते सांगतो तुला. आमच्या ऑफिसात लिफ्टवर एक मामा आहेत, संगमेश्वरकडचे, दिवसभरात "नमस्कार साहेब" शिवाय शब्द नाही. एकदा हळूच तिकीट पुढे केलं, म्हणाले गावच्या मंडळाचं नमन आहे, शाळेच्या पत्र्यांसाठी करतोय, या. गेलो. आधी गण झाला, मग गौळण सुरू झाली, कृष्ण, पेंद्या, आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींच्या पुढे कमरेवर हात ठेवून जी मावशी आली ना पक्या, ते मामा! नऊवारी, नाकात नथ, आणि तोंड असं सुटलं की पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे नगरसेवक लाजून खाली बघायला लागले. पाणी कधी येतं ते विचारलं, गटाराचं विचारलं, हे काही लिहिलेलं नव्हतं, जागेवर. थिएटर नुसतं उसळत होतं. मला शिट्टी येत नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा "नमस्कार साहेब".

शक्ती-तुऱ्याचा सामना तर तू लहानपणी चाळीत बघितलायस, तरी वहिनी विदर्भाच्या, त्यांना समजावून सांग. दोन पक्ष. शक्तीवाले म्हणणार देवी मोठी, तुरेवाले म्हणणार शिव मोठा, मग एका शाहिराने पुराणातला सवाल टाकायचा गाण्यातून, दुसऱ्याने जबाब द्यायचा आणि उलट एक टोमणा ठेवून द्यायचा. भोवती पोरं पायात चाळ बांधून गोल फिरतात, तोच बाल्या नाच. चाली आता सगळ्या फिल्मी झाल्यात म्हणून जुनी माणसं कुरकुरतात, मला पण थोडं खटकतं, पण समोर विशी-बाविशीतली पोरं आहेत जी दिवसभर डिलिव्हरी करून रात्री खोलीत सराव करतात, त्यांना कुठल्या तोंडाने शिकवायचं. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी आलास तर याचा जोर असतो, फेब्रुवारीत कमी.

दशावतार मात्र फेब्रुवारीत लागायची शक्यता आहे, सिंधुदुर्गातल्या कंपन्या मुंबईत येतात अधूनमधून. सेट नाही, एक बाकडं, तेच सिंहासन तेच जंगल, बाजूला पेटी, पखवाज, झांज. संहिता नाही. रंगपटात तोंड रंगवता रंगवता मालक कथानक सांगतो आणि राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, तिथून सुटतो तो अर्धा तास संस्कृतप्रचुर मराठीत बोलतो, पाठांतर नाही काही नाही. अलीकडे "ट्रिकसीनयुक्त" असं जाहिरातीत लिहितात, धूर-बिर असतो, तो भाग सहन करायचा.

यात वाईट बातमी म्हणजे परळचं दामोदर. १९२२ चं नाट्यगृह, २०२३ च्या नोव्हेंबरपासून बंद. पुनर्विकास. आपल्या लोककलावाल्यांना भाड्यात परवडणारं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं ते होतं, आता ही मंडळं मुलुंड-बोरिवली करत फिरतात आणि प्रेक्षक पुन्हा तिथेच येतो, शेवटची गाडी. लालबागला हनुमान थिएटरात तमाशे लागायचे ते तर आपण नुसते बापाच्या तोंडून ऐकले. गिरणी तिसऱ्या पाळीत चालायची म्हणून रात्री बाराला पण रस्त्यावर माणूस असायचा, खाणावळ उघडी असायची. गिरण्यांबरोबर ती रात्र गेली आणि त्याच जागेवर आता जी विकतात ती हजार रुपये कव्हर चार्जची.

गाण्याचं पण तेच रे. लाउडस्पीकर उघड्यावर दहाला बंद, २००० सालचा नियम, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. नियम बरोबरच आहे, माझ्या आईला हार्टचा त्रास झाला तेव्हा डीजेवाल्यांशी मीच भांडलोय. पण झेवियर्सच्या अंगणातली ती रात्रभराची मैफल आठव, सतरंजीवर आडवं पडून ऐकायचो, पहाटेचा राग खरोखर पहाटे. आता मध्यरात्रीचा दरबारी ऐकायचा तर साडेनऊला आटोपतात, मालकंस कसाबसा. पहाटेचं गाणं दिवाळी पहाटेला गेलं, तिथे निवेदकच जास्त गातो.

तर प्लॅन असा. बुधवारी काळा घोडा, गुरुवारी गॅलऱ्या जमल्या तर, नंतर ताजच्या मागे बडे मियाँ. शनिवारी पृथ्वी, वहिनींना तिथली कॉफी आवडेल. रविवारी शिवाजी मंदिर, रात्रीचाच खेळ घेऊ, मध्यंतरात बटाटेवडा, सुटल्यावर पळापळ करायची नाही. शेवटची गाडी सोडायची मुद्दाम. स्टेशनबाहेर भुर्जी-पाव खाऊ, मग टॅक्सीने मरीन ड्राइव्ह, तिथे सायकलवर कॉफी-चहावाले फिरत असतात, पहाटे चारच्या सुमाराला पहिली लोकल सुरू होते, ती पकडून डोंबिवलीला माझ्याकडे झोपायला. बायकोला सांगून ठेवलंय, ती म्हणाली मी पण येणार, मुलांना आईकडे ठेवू.

मामांना विचारलंय फेब्रुवारीत कुठे नमन किंवा दशावतार आहे का, तारीख कळली की लगेच टाकतो, त्यासाठी बाकीचं काहीही रद्द झालं तरी चालेल. तू फक्त फ्लाइट रात्रीची घेऊ नकोस परतीची, आणि आल्यावर पहिल्या दिवशी सासुरवाडीचे फोन घेत बसू नकोस.

तिकिटांचे पैसे जीपे कर, मागच्या वेळचे पण बाकी आहेत.

तुझा,
बाळ्या

ता. क. मंग्याला यातलं काही सांगू नकोस अजून, तो लगेच ग्रुप काढेल आणि ग्रुप काढला की प्लॅन बोंबलतो.