विषय: बँडसॉवरचा तिरका कट, फुटलेले गाइड पॅड आणि जोडावर तुटलेली तीन ब्लेड

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

महोदय,

तुमच्याकडून घेतलेली डबल कॉलम, सेमी ऑटोमॅटिक बँडसॉ (सलग फिरणाऱ्या पट्टी-ब्लेडने धातू कापणारी करवत) आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या शेडमध्ये ७ महिने चालू आहे. ब्लेडही तुमच्याच डेपोतून वेल्ड होऊन येतात: ४११५ बाय ३४ बाय १.१ मिमी, बायमेटल, ३/४ टीपीआय (इंचाला ३ ते ४ दात). गेले ६ आठवडे १०० मिमीच्या ईएन-८ (मध्यम कार्बन पोलाद) राउंडचा, म्हणजे गोल सळईचा, कट काटकोनात येत नाही. तुमचे इंजिनिअर दोनदा येऊन गेले आणि दोन्ही सर्व्हिस रिपोर्टवर ‘फीड कमी करा, ब्लेड बदला’ एवढेच लिहून गेले. त्यानंतर ऑफिसकडून उत्तर आले की ब्लेड आणि गाइड पॅड (ब्लेडला दोन्ही अंगांनी सरळ धरणारे कार्बाइडचे तुकडे) झिजणाऱ्या वस्तू आहेत, वॉरंटीत बसत नाहीत.

झिजणाऱ्या आहेत हे मान्य. पण कार्बाइड पॅडचा तुकडा उडाला तर त्याला झीज म्हणत नाहीत.

आधी फीडबद्दल, म्हणजे ब्लेड मालात उतरण्याच्या वेगाबद्दल. फीड जास्त असेल तर चिप जाड आणि निळी पडते, कापलेला चेहरा मध्ये फुगतो. आमची चिप चंदेरी, सैल वेटोळ्याची आहे. टॅकोमीटरवर ब्लेडचा वेग मिनिटाला ६२ मीटर, टेन्शन मीटरवर चौरस सेंमीला २१०० किलो, कूलंटमधले तेल रिफ्रॅक्टोमीटरवर ८ टक्के. वायर ब्रश फिरतो आणि दातांच्या खाचेपर्यंत पोहोचतो. तरीही तुमच्या सांगण्यावरून फीड निम्मे केले. ३ मिनिटांचा कट ६ मिनिटांवर गेला, तिरकेपणा १.२ मिमीवरून १.१ वर आला. चिपचा भुगा व्हायला लागला आणि ब्लेड किंचाळू लागले, म्हणजे दात कापण्याऐवजी घासत होते. अशाने ब्लेड लवकर बोथट होते, हे तुमच्या इंजिनिअरना माहीत असायला हवे.

कापलेला तुकडा प्लेटवर उभा करून गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावला तेव्हा खरा प्रकार कळला. मालाच्या दोन्ही बाजूंना ब्लेड धरणारा एकेक गाइड असतो, एक फिक्स, एक सरकता. फिक्स गाइडच्या बाजूला फरक ०.३ मिमी, सरकत्या गाइडच्या बाजूला १.२ मिमी. ब्लेड बोथट असते किंवा टेन्शन ढिले असते तर दोष एकाच बाजूला, दर वेळी त्याच मापाने आला नसता. मशीन बंद करून गुण्या बेडवर ठेवला आणि ब्लेडच्या अंगाला, म्हणजे दातांचा सेट (आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेला भाग) सोडून मागच्या सपाट भागाला टेकवला. फिक्स गाइडजवळ उजेड दिसत नाही. सरकत्या गाइडजवळ २५ मिमी उंचीत पाव मिमीची फट दिसते. फिक्स गाइडच्या पॅडमध्ये ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जात नाही, सरकत्याच्या पॅडमध्ये ०.१० चा सहज जातो. ते पॅड उघडले तर ब्लेड जिथून आत शिरते त्या काठाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडालेला.

तो कशाने उडाला, याचे उत्तर ब्लेडच्या जोडावर आहे. शेजारच्या पट्टीवर मायक्रोमीटर १.१० दाखवतो, जोडावर १.२३. ग्राइंडिंग अर्धवट सोडले आहे. पाठीवर पट्टी धरली तर जोडापाशी ०.२ मिमीची पायरी लागते. ब्लेड मिनिटाला १५ फेऱ्या मारते, जोड दर फेरीत आधी सरकत्या गाइडमधून जातो, म्हणून पहिला ठोसा त्यालाच. पाळीत ५ तास कटिंग धरले तरी साडेचार हजार ठोसे. मशीनशेजारी उभे राहिले की टक टक ऐकू येते. दुसऱ्या भेटीत इंजिनिअरच्या कानावर घातली तेव्हा ‘नवीन ब्लेड आहे, बसेल’ म्हणाले.

तीन ब्लेड याच जोडापासून १० मिमीच्या आत तुटली, एकही २० तास चालले नाही. तिन्हींवर कानस लावून पाहिली. पट्टीवर कानस लागते, जोडावर घसरते. म्हणजे वेल्डनंतर अनीलिंग (जोड तापवून मऊ करणे) नीट झालेले नाही, जोड कडक आणि ठिसूळ राहिला आहे. ब्लेडवरच्या खडूच्या नंबरांवरून तिन्ही एकाच कॉइलमधली (पट्टीच्या गुंडाळीतली) दिसतात. त्याच डेपोतून आधी आलेली ब्लेड जोडावर तुटली नव्हती, ही तुमच्या बाजूची गोष्टही इथेच नोंदवतो.

आमच्या चुकांचे पैसे मागत नाही. एक ब्लेड पहिल्याच कटपासून पूर्ण फीडवर चालवले गेले. नवे ब्लेड निदान ३०० चौरस सेंमी, म्हणजे या राउंडचे चार कट, निम्म्या फीडवर चालवायचे असते. ते झाले नाही आणि दातांची टोके गेली. दुसऱ्याचे दात ३ मिमी जाडीच्या पाइपवर गेले. त्या जाडीत ३/४ चा एक दातही पुरता बसत नाही, चूक आमची. ही दोन ब्लेड हिशेबातून वगळली आहेत.

तिरक्या कटमुळे लेथवर फेसिंगसाठी (टोक सपाट करण्यासाठी) तुकड्यामागे २ ऐवजी ५ मिमी सोडावे लागतात. या राउंडचा ३ मिमी म्हणजे १८५ ग्रॅम. दिवसाला ४० तुकडे धरले तर ७.४ किलो ईएन-८ भंगारात, लेथचा वेळ वेगळा.

तेव्हा सरकत्या गाइडचे दोन्ही पॅड विनामूल्य बदलावेत आणि ब्लॉक बेडशी काटकोनात सेट करून द्यावा. नुसते पॅड टाकून जाऊ नये. ठोशांनी ब्लॉकचे बोल्टही ढिले झाले आहेत. तीन ब्लेड बदलून द्यावीत, जोड पट्टीच्या जाडीला आणलेला आणि अनील केलेला असावा. आमच्याकडे शिल्लक असलेली त्याच कॉइलची दोन ब्लेड परत न्यावीत, ती आम्ही चढवणार नाही. सेटिंग झाल्यावर आमच्यासमोर पाच तुकडे कापावेत आणि दोन्ही बाजूंची मापे सर्व्हिस रिपोर्टवर लिहावीत. तुमच्या माहितीपत्रकात १०० मिमीला ०.२ मिमी छापले आहे, तेच धरू. हे होईपर्यंत देखभाल कराराचा पुढचा हप्ता थांबवला आहे.

शुक्रवारी शेड बंद असते, बाकी कोणत्याही दिवशी सकाळी ९ नंतर यावे. येताना गुण्या, फीलर गेज आणि मायक्रोमीटर आणावा; गेल्या दोन्ही वेळी आमचाच मागून घेतला होता. फुटलेला पॅड आणि तुटलेल्या ब्लेडचे जोड नंबर घालून ठेवले आहेत. लेखी पोच मिळाल्यावरच ते हातात देऊ.

आपला,
कटिंग विभाग प्रमुख
रबाळे, नवी मुंबई