वसंताने ते पुस्तक मागितलं आहे

धरमपेठ, नागपूर
रविवार, रात्री

प्रिय दिगू,

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे आणि मग पुढचं नीट वाच. हे फोनवर बोलता येत नाही. शैला समोरच बसलेली असते आणि वसंताचं नाव निघालं की तिच्या हातातलं विणकाम थांबतं. तब्येत बरी. साखर आटोक्यात, गुडघा तसाच.

आपल्या पुस्तकाची, जॉन ल कारेच्या ब्रिटिश हेरखात्यातला फितूर शोधण्याच्या गोष्टीची, ती जुनी मालिका, 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', बीबीसीची १९७९ ची, अलेक गिनेसवाली, रोहितने कुठून तरी तिच्या डीव्हीडी मिळवल्या. सातही भाग आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून पाहिले. आम्ही दोघं, रोहित, मुग्धा, चिनू, शेजारच्या पांढरीपांडे काकू आणि वसंता. त्याला मी बोलावलं नव्हतं. रोहितने बोलावलं, 'वसंताकाका एकटेच असतात' म्हणून. आता मुलाला काय सांगणार?

तू म्हणशील, २०११ चा सिनेमा लावायचा, दोन तासांत काम झालं असतं. तुझं-माझं हे भांडण मरेपर्यंत चालणार, पण या वेळी माझ्याकडे साक्षीदार आहेत. पहिलाच प्रसंग आठव. रिकामी खोली. एकेक जण येतो, खुर्चीत बसतो, कागद लावतो, सिगारेट पेटवतो. कोणीच बोलत नाही. शेवटी हेडन येतो, हातात चहाचा कप, त्यावर बशी पालथी. चिनू तेवढ्यात दोनदा म्हणाला, 'आजोबा, हे अटकलं का?' आणि काकू, ज्यांना इंग्रजी ओ की ठो कळत नाही, ज्यांच्यासाठी मी बाजूला बसून मराठीत सांगत होतो, त्या हेडनकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'हा माणूस झाकून ठेवणारा आहे.' दिगू, माझ्या अंगावर काटा आला. आपण दोघांनी ते पुस्तक किती वेळा वाचलं, किती वाद घातले, आणि बाईंनी कपावरची बशी पाहून निकाल दिला!

गिनेस दिसल्याबरोबर चिनू ओरडला, 'हा तर स्टार वॉर्सचा ओबी-वान!' आणि मग दोन भाग तो फितूर शोधणारा स्मायली तलवार कधी काढतो याची वाट पाहत बसला. बिचाऱ्याला पाच तासांत काय मिळालं? चष्मा पुसणारा एक म्हातारा. पण शेवटच्या भागापर्यंत पोट्टा हलला नाही. शाळेतल्या त्या चष्मेवाल्या जाड्या मुलावर आणि जिम प्रिडोवर त्याचा जीव जडला. जिमच्या पाठीत गोळी लागलेली, तो वाकडा चालतो, हे त्यानेच सगळ्यात आधी टिपलं.

रोहितने दुसऱ्या भागापासून पैजा लावल्या. कॅलेंडरच्या मागे फितूर असू शकणाऱ्यांची चार नावं, ॲलेलाइन, हेडन, ब्लँड, एस्टरहेझ, आणि प्रत्येकाने आपला माणूस निवडायचा. मला भाग घ्यायला बंदी. मला तेव्हा तूच आठवलास. मी निम्म्यावर होतो आणि तू अजनीच्या फलाटावर, गाडी सुटता सुटता, खिडकीतून ओरडून मला नाव सांगितलंस. ते मी तुला अजून माफ केलेलं नाही. वर्ध्यापर्यंत मी पुस्तक उघडलं नाही, एवढा संतापलो होतो.

पण पैजा चालू झाल्यावर मला त्रास व्हायला लागला. सगळे फक्त 'कोण' म्हणून पाहायला लागले. रोहित तर मुख्य गोष्टी सोडून टेबलावर कोण कुठे बसलं यावरून तर्क लढवायचा. मी म्हणत होतो, अरे, तो म्हातारा काय गमावून बसलाय ते बघा. कॉनी सॅक्स दारू पिऊन जुने दिवस आठवते तो प्रसंग बघा, ती बाई सगळं ओळखून होती म्हणून तिला घरी बसवलं. दिल्लीच्या तुरुंगातला प्रसंग बघा. तो तर आपल्याकडचा आहे, उन्हाळ्यातला. स्मायलीला ताप चढलेला आहे आणि समोर रशियन हेर कार्ला बसलाय, एक शब्द बोलत नाही. पॅट्रिक स्ट्युअर्टने त्या भूमिकेत तोंडसुद्धा उघडलं नाही, आणि तरी खोलीत तोच मोठा वाटतो. स्मायली बडबडत राहतो, आपल्या बायकोबद्दल बोलून बसतो, आणि जाताना कार्ला त्याचा लायटर घेऊन जातो, बायकोने, ॲनने दिलेला. आमच्याकडे तेव्हा कुलर चालू होता, लाईट गेली, आणि सगळे तसेच घामाघूम अंधारात बसले. ती लाईट अगदी योग्य वेळी गेली असं माझं मत आहे.

शैलाचं सांगतो. तिने पहिले पाच भाग विणकाम करत पाहिले. मग हेडन आणि ॲनचं प्रकरण कार्लाच्या सांगण्यावरून झालं, म्हणजे पुढे स्मायलीने संशय घेतलाच तर लोक म्हणतील की बायकोपायी जळतो, हे मी समजावून सांगितलं. तिने सुया खाली ठेवल्या. 'म्हणजे ते पण ड्यूटीवर?' एवढंच म्हणाली. त्या रात्री ती झोपेपर्यंत ॲनच्या बाजूने भांडत होती. कोणी तिला विचारलं का, तिला माहीत होतं का, तिचा कोणी विचार केला का. मी म्हटलं, पुस्तकात लेखकानेही फारसा केलेला नाही. तर म्हणाली, 'मग तुमचं पुस्तक कायले एवढं डोक्यावर घेता?' याला उत्तर दे तू.

आता खरं सांगतो.

वसंता प्रत्येक शनिवारी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचा. पैजेत त्याने हेडनवर बोट ठेवलं, पहिल्याच दिवशी. रोहितने विचारलं, काऊन काका? तर म्हणाला, 'ज्याच्यावर कोणालाच राग येत नाही, तोच.' आणि चिवड्याची वाटी पुढे केली. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. टीव्हीकडे पाहत राहिलो.

नंतर प्रत्येक भागानंतर त्याचा एकच प्रश्न असायचा, 'जिम वाचला ना पण?' मी सांगायचो, वाचला, शाळेत शिकवतो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मला आपला मित्र बाप्पा दिसत होता, दिगू. संपानंतरचा बाप्पा, महालातल्या त्या खोलीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. ती यादी वर कशी गेली हे विचारायला आपण दोघं गेलो होतो आणि त्याने आपल्याला चहा पाजून परत पाठवलं. त्यालाही माहीत होतं. आता मला पक्कं वाटतं, त्याला आपल्या आधीपासून माहीत होतं.

शेवटचा भाग झाला. हेडन पकडला गेला, त्याने आपली कारणं सांगितली, अमेरिकेचा तिरस्कार वगैरे, आणि मग जिमनेच त्याचा शेवट केला. कॉलेजपासूनचे मित्र होते ते. कॅथीड्रलमधल्या त्या पोराचा आवाज, शेवटचं गाणं, आणि कोणीच उठेना. रोहित म्हणाला, 'अंदाज आलाच होता.' त्याला पैजेचे पैसे गेल्याचं वाईट वाटत होतं. पण मुग्धा माझ्याकडे वळली. ती फार कमी बोलते, पण बोलली की तिथल्या तिथे थांबवते. म्हणाली, 'बाबा, स्मायलीला आधीपासून माहीत होतं, नाही का? सगळ्यांनाच माहीत होतं. मग कोणी बोललं का नाही?'

हाच तर त्या पुस्तकाचा गाभा आहे. आपण दोघं त्या परिच्छेदापाशी अडलो होतो तो हाच. सगळ्यांना अर्धवट कळलेलं असतं आणि सगळे एखाद्या दुखण्यासारखं ते अंगावर काढतात, नाव घेतलं नाही तर आपोआप बरं होईल म्हणून. पुस्तक १९७४ चं. मुग्धाने पहिल्यांदा पाहून ते ओळखलं. मी तिला खरी गोष्ट सांगितली. तिकडे या मालिकेचा शेवटचा भाग ऑक्टोबर १९७९ मध्ये दाखवला आणि नोव्हेंबरमध्ये थॅचरबाईंनी पार्लमेंटात जाहीर केलं की अँथनी ब्लंट, राणीच्या चित्रांचा सांभाळ करणारा एवढा मोठा कलातज्ज्ञ, रशियाचा हेर होता. आणि त्याने ते १९६४ मध्येच कबूल केलं होतं! पंधरा वर्षं वरच्या लोकांना माहीत होतं. त्याला अभय दिलेलं, सर किताब तसाच, राजवाड्यात येणं-जाणं तसंच. जाहीर झाल्यावर किताब काढून घेतला. किम फिल्बी, ब्रिटिश हेरखात्यातलाच रशियाचा हेर, तर १९६३ मध्ये बैरूतहून पळाला तेव्हा त्याच्या मित्रांना धक्का बसला म्हणतात, पण त्यातल्या काहींच्या मनात आधीपासून शंका होतीच.

मुग्धा म्हणाली, 'म्हणजे ते त्याला सांभाळून घेत होते की स्वतःला?'

मी काही बोलणार एवढ्यात वसंता कोपऱ्यातून म्हणाला, 'त्यानं पैशासाठी नाही केलं. हे पुस्तकात लिहिलंय का नीट?' मी म्हटलं, लिहिलंय. तर म्हणाला, 'तुझ्याकडे होतं ना ते. बर्डीवरून घेतलेलं. मले दे वाचायला. इंग्रजी हळूहळू वाचतो मी.' आणि चप्पल घालून गेला.

दिगू, ते पुस्तक तुला आठवतं ना? तेच. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. तो गेल्यावर मी माळ्यावरून पेटी काढली, सगळे झोपल्यावर. त्या परिच्छेदाच्या बाजूला समासात तुझं पेन्सिलने लिहिलेलं आहे, 'आपला वसंता'. आणि खाली माझं, 'हो'. एवढंच. पेन्सिल जराही पुसट झालेली नाही. त्या दोन शब्दांपलीकडे आपण दोघं याबद्दल कधी बोललोच नाही, हे मला काल रात्री जाणवलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. अंबाझरीला इतक्या संध्याकाळी बसलो, जगाच्या गप्पा झाल्या, तुझं लग्न मोडता मोडता वाचलं त्याच्यावरसुद्धा बोललो. हे नाही.

आणि आता तो येणार आहे पुस्तक न्यायला. गुरुवारी येतो म्हणाला.

मी सगळे मार्ग विचारून पाहिले. हरवलं म्हणून सांगता येईल. तो विश्वासही ठेवेल, किंवा ठेवल्यासारखं करेल. रोहित म्हणतो ते कुठेही नवीन मागवता येईल. नवीन प्रत दिली तर काम भागेल. खोडरबर आहेच. शैलाला कळलं तर ती म्हणेल, म्हातारपणी कशाला उकरता. तिचंही खरं आहे. वसंता आता एकटा आहे. मुलगी लांब, दम लागतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला मिळतं म्हणून शनिवारची वाट पाहतो. त्याच्या तोंडून निघालेला तो प्रश्न, पैशासाठी नाही केलं हे लिहिलंय का, तो मला झोपू देत नाही. त्याला माहीत आहे का, की आपल्याला माहीत आहे? की तो हेच विचारायला पुस्तक मागतोय?

माझं मत तुला स्पष्ट सांगतो. पुस्तक द्यावं, आहे तसं. खोडायचं नाही. मी खोडलं तर गुरुवारी त्याच्या हातात पुस्तक देताना माझा चेहरा कार्लासमोर बसलेल्या स्मायलीचा होईल, आणि वसंता मला लहानपणापासून ओळखतो. त्याने ते पान वाचलं आणि काहीच बोलला नाही, तर तोही एक जबाब आहे. बोलला, तर त्याला तरी चाळीस वर्षांचं ओझं उतरवता येईल. आणि बाप्पा गेल्यावर त्याच्या बायकोकडे दर दिवाळीला कोण जातं, माहीत आहे ना? वसंता जातो. पापडही तिचे तोच आपल्याकडे पोचवतो. पैशासाठी केलं नसेल तर कशासाठी केलं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. रागाने नाही. खरंच ऐकायचं आहे.

पण 'आपला वसंता' हे अक्षर तुझं आहे. म्हणून तुला विचारतोय. तू नको म्हणालास तर मी नवीन प्रत मागवेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. हो म्हणालास तर 'हो'च्या खाली आजची तारीख घालून देईन, म्हणजे त्याला कळेल की पुस्तक मी न बघता दिलेलं नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं शैलाला वहिनींकडून कळलं. चांगलं झालं म्हणे. वाचायला आठ दिवस बंदी असली तर हे पत्र वहिनींना वाचायला देऊ नकोस, नेहालाही नको. नेहाच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, पगार ऐकून मी दोनदा विचारलं. पुण्यात पाऊस कसा आहे? इथे नुसतं उकडतंय. संत्रा बर्फी पाठवतोय, कुरियरने, त्यात वहिनींसाठी पुडाच्या वड्याही आहेत, पण त्या शिळ्या होतील, पोचल्याबरोबर खा.

उत्तर बुधवारपर्यंत दे. फोनवर नुसतं 'मागव' किंवा 'दे' म्हण. शैलाला वाटेल आपण कुलरच्या पंपाबद्दल बोलतोय.

तुझा,
श्याम