बाईच्या हातातला फोन बाईचाच असतो असं नाही

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा काउंटरवर बायकांची रांग असायची. ओटीपी आला का विचारलं की कितीजणी म्हणायच्या, "नंबर ह्यांचा हाय, ते कामावर गेलेत." सिम नवऱ्याच्या नावावर, जीमेल मुलानं उघडून दिलेलं, लॉकचा पॅटर्न अख्ख्या घराला पाठ. बाईच्या फोनवर घरातूनच जी पाळत ठेवली जाते तिच्याबद्दलच्या या पत्राचं मूळ त्या रांगेत आहे.

मध्यंतरी जावळीकडच्या एक वहिनी आल्या. "दादा, बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकंना." नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी, महिन्या-दीड महिन्यानं घरी येणारा. फोन उघडून बघतो तर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची तपासणी, बंद, आणि भलत्याच साध्या नावाचं एक ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन बसलेलं. ही सोय मुळात अपंगांना फोन नीट वापरता यावा म्हणून दिलेली. पण ती हाती लागली की स्क्रीनवर जे उमटेल ते ॲपला वाचता येतं. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्येही, म्हणजे तेच व्हॉट्सॲप आणखी कुठं उघडं आहे त्या यादीत, एक परका ब्राउझर जोडलेला. मी शहाणपणा केला. दोन्ही काढून टाकलं, पैसेही घेतले नाहीत. पाचव्या दिवशी नवरा काउंटरसमोर उभा. "फोनला हात कुणी लावला?" ॲप काढलं की पलीकडच्या मोबाइलवर माहिती यायची थांबते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं, एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. वहिनी पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

मी काही साधू नाही. असली ॲप पूर्वी मीच दोनशे रुपयांत टाकून दिलीत, "पोरीवर लक्ष राहू दे" म्हणणाऱ्या बापांना आणि काहीच कारण न सांगणाऱ्या नवऱ्यांनाही. माझी मुलगी पुण्याहून रात्रीच्या एसटीनं येते तेव्हा खंबाटकी ओलांडली का हे मलाही नकाशावर बघायचं असतं. फरक इतकाच की लोकेशन ती स्वतः चालू करते आणि घरी आली की बंद करते.

कायद्याचं म्हणाल तर दुकानात येणाऱ्या एका वकीलताईंनी मला समजावलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, पण माणसानं खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच नाही. कंपनी असती तर तिला जाब विचारता आला असता. नवरा असला की हा कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणं हा गुन्हा मानतं आणि त्यात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. पण त्यासाठी बाईनं पोलीस ठाण्याची पायरी चढायची, तीही ज्या फोनवर पाळत आहे तोच फोन पर्समध्ये घेऊन! जुलै २०२५ मध्ये नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल आला. तेव्हापासून गिऱ्हाईक कॉल रेकॉर्डर मागताना खाली मान घालत नाही. "कोर्टात चालतंय की," म्हणतं.

दिल्लीचा कायदा बदलणं तुमच्या हातात नाही. संरक्षण अधिकारी मात्र तुमच्या खात्याचे. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीचा अहवाल ज्या नमुन्यात भरतात तो २००६ च्या नियमांतला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक, हुंड्याचा छळ असे त्याचे भाग. त्या साली माझ्यासारख्यांच्या दुकानात बटणांचे फोन विकले जात. आज तक्रार घेणाऱ्या ताईंनी पहिल्यांदा विचारायला हवं, "फोन कुणी घेऊन दिला? पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?" ॲप सापडलं तर लगेच काढायचं नाही. आधी दुसऱ्या मोबाइलनं त्या स्क्रीनचा फोटो घ्यायचा, बाई कुठं राहणार ते ठरवायचं, मग काढायचं. मी उलट केलं.

आणि १८१ या महिला हेल्पलाइनची जाहिरात. हा नंबर लावला की तो कॉल लॉगमध्ये राहतो. लॉग पुसला तरी पाळतीचं ॲप असेल तर पलीकडे कळू शकतं. अंगणवाडीत आणि एसटी स्टँडवर जे फलक लागतात त्यांवर एक ओळ ठळक छापा: शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून बोला. शेजारणीचा, आशाताईंचा, अगदी माझ्या दुकानातलाही चालेल.

जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना एखाद्या सोमवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, तेव्हा गर्दी नसते. लिंक्ड डिव्हायसेस कुठं बघायचं, ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत काय खटकायला हवं, जीमेल आणखी कुठल्या फोनवर उघडं आहे ते कसं ओळखायचं, हे दोन तासांत दाखवतो. सरावाला जुने फोन आहेत. चहा माझ्याकडून.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला,
पोवई नाका, सातारा